मॉनिटर, प्रीफेक्ट आणि बिल्ला

इंदूरच्या कॅथलिक शाळांत नवं सत्र रुळलं की विद्यार्थी परिषदेचा समारंभ होतो. हेड बॉय, हेड गर्ल, हाउस कॅप्टन, प्रीफेक्ट. खांद्यावरून पट्टा, छातीवर बिल्ला आणि शपथ. प्राथमिकच्या वर्गांतही छोटे मॉनिटर असतातच. ‘साहेबी पद्धत’ म्हणून आपण ते सोडून देतो. मी पेशानं इंजिनिअर. यंत्र दिसलं की कुठला भाग कुठून आला ते बघायची सवय. या पद्धतीचेही भाग सुटे करून पाहिले, तर ती पुरती साहेबी निघत नाही.

पहिला भाग मॉनिटर. आपल्या पंतोजींच्या शाळेत मोठी मुलं लहानांकडून धुळाक्षरं गिरवून घेत. ॲन्ड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्यानं मद्रासकडच्या एका देशी शाळेत मुलांना असंच वाळूवर लिहिताना पाहिलं. एग्मोरच्या त्याच्या अनाथाश्रमात मास्तरांनी ही रीत मनावर घेतली नाही, तेव्हा त्यानं आठ वर्षांच्या एका मुलालाच शिकवायला लावलं. १७९७ मध्ये त्यानं हा प्रयोग लंडनला छापला आणि ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडभर पसरली. म्हणजे मॉनिटर इथून तिकडे गेला आणि नवं नाव घेऊन परत आला.

दुसरा भाग प्रीफेक्ट. लॅटिनमध्ये याचा अर्थ ‘वर नेमलेला’. जेझुइटांच्या १५९९ च्या शिक्षणनियमांत प्रीफेक्ट म्हणजे अभ्यासावर देखरेख करणारा पाद्री. मुलांमधले नायक वेगळे. ते सोबत्यांचं पाठांतर ऐकत. मुलांच्या हाती शिस्तीचा अधिकार देणाऱ्या प्रीफेक्ट-पद्धतीचा बोलबाला झाला तो रग्बी शाळेत, १८२८ पासून थॉमस अर्नल्डच्या काळात. गंमत म्हणजे १९३५ ते १९५२ इंदूरचं कॅथलिक धर्मक्षेत्र स्वतःच ‘प्रीफेक्चर’ होतं आणि त्याचा प्रमुखही प्रीफेक्टच!

तिसरा भाग बिल्ला देण्याचा समारंभ, म्हणजे इन्व्हेस्टिचर. मध्ययुगात बिशपला अंगठी आणि दंड कुणी द्यायचा यावरून पोप आणि सम्राट यांच्यात मोठं भांडण झालं. ११२२ मध्ये वर्म्स इथं तह झाला तेव्हा ते मिटलं.

आता हे तिन्ही भाग जोडून पाहा. प्रीफेक्ट आणि बिल्ला, दोघांतही अधिकार वरून येतो. मॉनिटरचा मान मात्र कामातून यायचा. ज्याला येतं त्यानं दुसऱ्याला शिकवायचं. आपण नेमकं तेच काम काढून घेतलं. त्याच्याकडे उरलं काय, तर बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणं! सोबत्याला गणित समजावणारा मुलगा आणि त्याची चहाडी करणारा मुलगा, हे दोन वेगळे नागरिक घडतात.

आज काही शाळांत मतदान होतं, ते चांगलंच. मुलांना आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क देणारा १९८९ चा बालहक्क करार भारतानंही १९९२ मध्ये स्वीकारला. पण निवडून आलेल्या मुलाला कवायतीत रांग सरळ करण्यापलीकडे काही ठरवता येतं का, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते प्राथमिक शाळेत पट्ट्यापेक्षा पाटी महत्त्वाची.

मंडळी, घरात जुने शालेय वार्षिकांक, बिल्ले, परिषदेचे गटफोटो असतील तर रद्दीत घालू नका. फोटोखाली ‘नियुक्त’ लिहिलंय की ‘निर्वाचित’, तेवढं बघा आणि मंडळाला कळवा. शहराचा इतिहास अशा ओळींतूनच जुळतो.