रेणूंची सफ

प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही, हे आपण शाळेत शिकतो. म्हणून तर तांब्याच्या तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टन असते. हा समज कसा मोडला, त्याचा इतिहास वाचताना मला वायरींपेक्षा माणसांचाच विचार जास्त सुचत गेला.

1958मध्ये इटलीत जुलिओ नात्ता यांनी अ‍ॅसिटिलिन वायूचे रेणू जोडून लांब साखळी तयार केली. या साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध एकाआड एक येतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनला साखळीभर सरकण्याची वाट मिळू शकते. पण हाती आली ती काळी भुकटी. ना ती विरघळे, ना वितळे.

1967मध्ये टोकियोत हिदेकी शिराकावा यांच्याबरोबर काम करणाऱ्या ब्यून ह्युंग-जिक या कोरियन संशोधकाच्या हातून त्या प्रयोगात उत्प्रेरक हजारपट जास्त पडला. भुकटीऐवजी धातूसारखी चमकणारी पातळ पापुद्री तयार झाली. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात बारीक तंतूंचे जाळे दिसले. पुढे शिराकावा अमेरिकेत अ‍ॅलन मॅकडायर्मिड आणि अ‍ॅलन हीगर यांच्याकडे गेले. तिथे या पापुद्रीवर आयोडीनची वाफ सोडल्यावर तिची वीज वाहून नेण्याची क्षमता सुमारे एक कोटी पट वाढली. हे 1977मध्ये प्रसिद्ध झाले आणि 2000मध्ये तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ब्यून यांचे नाव शिराकावांनी आपल्या नोबेल व्याख्यानात घेतले. ही दिलदारी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पण खरी अडचण पुढेच होती. ही पापुद्री हवेत खराब होई आणि कशात विरघळत नसे. मग रंगासारखी ती पसरायची कशी? 1980च्या दशकाच्या मध्यात संशोधक पॉलिथायोफिन या दुसऱ्या साखळीकडे वळले. तिच्या प्रत्येक कडीला त्यांनी कार्बनची एक छोटी शेपटी लावली. ही शेपटी स्वतः वीज वाहत नाही, पण तिच्यामुळे साखळी द्रावणात विरघळू लागली.

मात्र शेपट्या वाटेल तशा लागत होत्या. एका कडीची शेपटी इकडे, दुसरीची तिकडे. शेजारच्या दोन शेपट्या समोरासमोर आल्या की एकमेकींना ढकलत. साखळी पिळली जाई आणि इलेक्ट्रॉनची वाट तुटे. 1992मध्ये अमेरिकेत रिचर्ड मॅककलो यांच्या आणि रूबेन रिके यांच्या गटांनी वेगवेगळ्या पद्धतींनी जवळजवळ प्रत्येक कडी एकाच दिशेने जोडून दाखवली. पहिलीच्या शेपटाला दुसरीचे डोके, दुसरीच्या शेपटाला तिसरीचे.

यानंतर जे घडले ते कुणी हाताने रचले नव्हते. द्रावण सुकू लागले की साखळ्या आपोआप सपाट होऊन एकमेकींवर थर लावू लागल्या. थरातल्या दोन साखळ्यांमधले अंतर सुमारे 0.38 नॅनोमीटर, आणि शेपट्यांनी वेगळे ठेवलेल्या दोन थरांमधले सुमारे 1.6 नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. 1999मध्ये केंब्रिजच्या हेनिंग सिरिंगहाउस यांच्या गटाने दाखवले की हे थर कोणत्या दिशेने उभे राहतात, यावर इलेक्ट्रिक भाराच्या वाटचालीत शंभरपटीहून अधिक फरक पडतो. पदार्थ तोच, फक्त मांडणी वेगळी. 2005मध्ये हीगर यांच्याच गटाने असा पदार्थ वापरलेला सौर घट 150 अंश सेल्सिअसला सुमारे अर्धा तास तापवला. साखळ्यांना नीट बसायला सवड मिळाली आणि घटाची कार्यक्षमता 5 टक्क्यांच्या जवळ पोहोचली.

आपल्याकडे 'समाजाला शिस्त नाही, वरून दंडा हवा' असे सहज म्हटले जाते. आपल्या मोहल्ल्यांबद्दल तर फारच. रेणूंना ना इच्छा असते, ना जबाबदारी, त्यामुळे त्यांचा नियम जसाच्या तसा माणसांवर लावता येत नाही. तरीही व्यवस्थेसाठी कायम कुणी हुकूम करणारा लागतोच, हा समज या इतिहासासमोर टिकत नाही. इथे दोनच गोष्टी लागल्या: प्रत्येक कडीचे शेजारच्या कडीशी नीट नाते आणि जागेवर बसायला पुरेसा वेळ.

नमाजाची सफ अशीच सरळ होते. इमाम 'सफ सीधी करा' एवढेच सांगतात. पुढचे काम ज्याचे त्याने करायचे असते. शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लागला की ओळ नीट होते.

ती शेपटीही विसरू नये. तिच्यातून वीज वाहत नाही, म्हणून ती कुणाला बिनकामाची वाटेल. पण तीच नसती तर साखळ्या विरघळल्याही नसत्या आणि रांगेतही बसल्या नसत्या. वर्गातल्या, घरातल्या, जमातीतल्या अशा किती जणांना आपण बिनकामाचे समजतो, हे एकदा मोजून पाहायला हवे.