थंड हवेच्या ठिकाणाचा धूर : तोरणमाळ परिसर आणि फुप्फुसाच्या आरोग्याचा इतिहास

प्रस्तावना : सातपुड्यात सुमारे ११५० मीटर उंचीवर वसलेले तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्यातील थंड हवेचे ठिकाण म्हणून प्रसिद्ध आहे. यशवंत तलाव व गोरखनाथ मंदिर पाहण्यासाठी येणारा प्रवासी येथील शुद्ध हवेची प्रशंसा करतो. परंतु डोंगरावरील हवा आणि कुडाच्या घरातील हवा या दोन भिन्न गोष्टी होत. हा भेद सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला.

तंबाखूचा धूर : पोर्तुगीजांमुळे तंबाखू दख्खनमध्ये रुजली. सतराव्या शतकाच्या प्रारंभी असद बेगने ती विजापूरहून अकबराच्या दरबारी नेली. १६१७ मध्ये जहांगीराने तिच्यावर बंदी घातली. पुढे टेंभुर्णीच्या पानात वळलेली विडी सर्वसामान्यांची झाली. हे पान म्हणजे वनवासी कुटुंबांची उन्हाळी मिळकत असल्याने १९६९ च्या अधिनियमाने राज्यात वनोपजाच्या व्यापाराचे नियमन झाले. म्हणजेच जे जंगल रोजगार देते, तेच विडीचे आवरणही पुरविते. १९५० मध्ये डॉल व हिल यांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला. भारतात मुरली देवरा यांच्या याचिकेवर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक धूम्रपानास मनाई केली. २००३ चा कायदा व २ ऑक्टोबर २००८ पासूनचे नियम त्यानंतरचे होत. महाराष्ट्रातील प्रौढांमधील धूम्रपानाचे प्रमाण २००९-१० मधील ६.६ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये ३.८ टक्क्यांवर आले.

चुलीचा धूर : तथापि विडी न ओढणाऱ्या स्त्रीचे काय? डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ मध्ये दिल्लीतील रुग्णांच्या अभ्यासात फुप्फुसविकारातून उद्भवणारा हृदयरोग स्त्रियांतही मोठ्या प्रमाणात असल्याचे नोंदवून त्याचा संबंध इंधनाच्या धुराशी जोडला. २००९ मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी व पीटर बार्न्स यांनी जगात सुमारे १०१ कोटी लोक धूम्रपान करतात, तर लाकूड, गोवरी आदींचा धूर सुमारे ३०० कोटी लोकांच्या वाट्यास येतो, हे निदर्शनास आणले. श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा सीओपीडी हा विकार धूम्रपान न करणाऱ्यांनाही होतो, हा त्याचा मथितार्थ. थंडीत दार लोटून पेटविलेल्या चुलीजवळ हा धोका वाढतो. स्वयंपाक करणारी स्त्री व तिच्याजवळचे मूल त्याचे पहिले बळी ठरतात.

१९८३ मध्ये निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना. जोडणी मिळाली तरी पुढचा सिलिंडर रोख पैशांनी घ्यावा लागतो. सरपण मात्र श्रमाच्या मोलाने जंगलातून मिळते. त्यामुळे गॅस आला तरी चूल विझतेच असे नाही.

समारोप : विडीच्या धुराला कायद्याने सार्वजनिक प्रश्न मानले, चुलीचा धूर घरगुती बाब म्हणून उंबऱ्याआड राहिला. फुप्फुस मात्र असा भेद करीत नाही. व्यसन सोडणे काही अंशी व्यक्तीच्या हाती असते, चूल सोडणे हे उत्पन्न, इंधन व रस्ता यांवर अवलंबून असते. म्हणून दुर्गम डोंगरी भागात श्वसनरोगाच्या रुग्णास ‘विडी ओढता का?’ याबरोबरच ‘स्वयंपाक कशावर होतो?’ हेही विचारले जाणे अगत्याचे ठरते.