न्यूटनची किमया

बेन आरोनोविच यांच्या 'रिव्हर्स ऑफ लंडन' या कादंबरीमालिकेचं पहिलं पुस्तक २०११ मध्ये आलं. पीटर ग्रँट हा लंडनचा साधा कॉन्स्टेबल जादूचे गुन्हे तपासतो. त्याची सहकारी सहरा गुलीद हिजाब घालूनच ड्युटी करते, आणि लेखक त्याचा गाजावाजा करत नाही. मला ते बरं वाटलं.

या कथेत जादूला शास्त्राची शिस्त लावतो तो आयझॅक न्यूटन. वाचायला गंमत वाटते, पण खरा न्यूटनही यापासून फार लांब नव्हता. १६९६ मध्ये तो टांकसाळीचा वॉर्डन झाला आणि खोटी नाणी पाडणाऱ्यांच्या मागे लागला. खबरे नेमले, कैद्यांचे जबाब स्वतः घेतले. विल्यम शालोनर १६९९ मध्ये फासावर गेला, तो न्यूटनने जमवलेल्या पुराव्यांवर. लंडनचं मेट्रोपॉलिटन पोलीस दल निघालं १८२९ मध्ये!

हाच माणूस केंब्रिजला भट्टी पेटवून किमयेचे प्रयोग करत असे. 'एमराल्ड टॅब्लेट' या किमयेच्या प्रसिद्ध मजकुराचं त्याने इंग्रजी भाषांतर केलं. हा मजकूर सर्वांत जुन्या रूपात सापडतो तो अरबीत. जाबिर इब्न हय्यान यांच्या नावावरच्या ग्रंथांतही तो आहे. बाराव्या शतकात तो लॅटिनमध्ये गेला. 'अल्केमी' शब्द अरबी 'अल-कीमिया'चा, आणि मराठीतली आपली रोजची 'किमया'ही तीच.

न्यूटनचे हे कागद बराच काळ अडगळीतच होते. १९३६ मध्ये लिलावात निघाले, तेव्हा अर्थतज्ज्ञ केन्स यांनी त्यातले बरेच मिळवले. ते भाषांतर आज केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात आहे. एखाद्या तपासात गुलीदने ते उघडलेलं वाचायला मला आवडेल.