जाळीकाम आणि कोरीवकाम : करवत व पटाशीचा मेळ

लाकडी पडदे, दिव्यांची आवरणे, आरशाच्या चौकटी अशा शोभेच्या वस्तूंमध्ये जाळीकाम आणि कोरीवकाम एकत्र आढळते. उत्तर प्रदेशातील सहारनपूर शहर शिसमच्या लाकडावरील अशा नक्षीसाठी प्रसिद्ध आहे. करवत लाकडात पोकळी निर्माण करते, तर पटाशी त्याला उठाव देते. नुसती कापलेली जाळी सपाट भासते. पानाफुलांच्या कडा उतरत्या कोरल्या की तिच्यावर छायाप्रकाश खेळू लागतो.

प्रथम फळीवर नक्षी उतरवून प्रत्येक पोकळीच्या जागी छिद्र पाडले जाते. त्यातून स्क्रोल सॉचे बारीक पाते ओवून ताणले जाते. पात्याचे दाते खालच्या दिशेला असतात. जाळी सहसा आधी कापतात, कारण कोरीवकामात आखलेल्या रेघा नाहीशा होतात.

खरी कसोटी यानंतर लागते. लाकडाच्या रेषांना आडवे गेलेले अरुंद दुवे मोगरीच्या एका घावाने तुटतात आणि सारे श्रम वाया जातात. म्हणून असे दुवे शक्यतो रेषांच्या दिशेनेच आखावेत. कापलेली जाळी जाड फळीवर, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून, सरसाने चिकटवावी. कोरून झाल्यावर पातळ पाते सरकवले असता कागद फाटतो आणि जाळी अखंड सुटते. कागदाचे अवशेष ओलसर फडक्याने निघतात.

लाकडाची धूळ श्वसनमार्गास अपायकारक असल्याने कापताना व घासताना मुखपट्टी आणि चष्मा वापरणे आवश्यक ठरते.