बालकास देखरेखीखाली झालेल्या इजेची नुकसानभरपाई (भारत)

शाळा, क्रीडाशिबिर, सहल, जलतरण वर्ग, पाळणाघर अशा ठिकाणी प्रौढांच्या देखरेखीखाली असताना १८ वर्षांखालील व्यक्तीस इजा झाल्यास, तिच्या वतीने कायद्यान्वये मागितल्या जाणाऱ्या आर्थिक मोबदल्यास बालकाच्या इजेची नुकसानभरपाई असे म्हणतात. भारतात या विषयासाठी एकच स्वतंत्र कायदा नाही. अपकृत्यविधीची न्यायालयीन तत्त्वे, दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, मुदत अधिनियम, १९६३ आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ यांच्या आधारे अशी प्रकरणे चालतात.

काळजी घेण्याचे कर्तव्य

मूल संस्थेच्या ताब्यात असते तेवढा काळ शिक्षक, प्रशिक्षक वा काळजीवाहक हे पालकांच्या जागी असतात, असे न्यायालये मानतात. दक्ष पालक जेवढी सावधगिरी बाळगील, तेवढी त्यांनी बाळगावी, ही किमान अपेक्षा होय. मुलाचे वय जितके कमी आणि उपक्रमातील धोका जितका अधिक, तितके हे कर्तव्य कठोर होते. मैदानावर खेळताना पडून खरचटणे म्हणजे आपोआप हयगय ठरत नाही. धोका आधी ओळखता येण्याजोगा होता, तो टाळण्याचे वाजवी उपाय योजले गेले नाहीत आणि त्यामुळेच इजा झाली, या तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात.

कर्मचाऱ्याने कामाच्या ओघात केलेल्या हयगयीस संस्थाही जबाबदार असते. यास प्रातिनिधिक दायित्व म्हणतात. २८ मे १९९५ रोजी पठाणकोट परिसरातील एका शाळेच्या सहलीत बियास नदीत १४ विद्यार्थी बुडाले. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने प्रत्येक मृत विद्यार्थ्यामागे ५ लाख रुपये भरपाई ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती कायम केली. सोबत गेलेल्या शिक्षकांच्या हयगयीचे दायित्व शाळेवरही येते, हे तत्त्व त्या निकालात मान्य झाले.

सहलीपूर्वी पालकांकडून ‘काही झाल्यास संस्था जबाबदार नाही’ अशा मजकुराचे संमतीपत्र घेण्याची प्रथा आहे. सहलीस परवानगी देणे आणि हयगयीस माफी देणे या भिन्न गोष्टी असून, केवळ अशा कागदामुळे काळजी घेण्याचे कर्तव्य संपुष्टात येत नाही.

दाद मागण्याचे मार्ग

सर्वसाधारण मार्ग दिवाणी न्यायालयातील दाव्याचा आहे. शाळेची बस वा सहलीचे वाहन यांच्या अपघातात इजा झाली असल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. वाहनाचा विमा असल्यास विमा कंपनीलाही तेथे पक्षकार करतात. संस्था शासकीय असल्यास उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करता येते. मात्र वस्तुस्थितीबद्दल मोठा वाद असल्यास न्यायालय पक्षकारांना दिवाणी दाव्याकडे पाठवू शकते.

ग्राहक आयोगांबाबत मतभिन्नता आहे. शैक्षणिक संस्था, त्यांच्या अभ्यासेतर उपक्रमांसह, ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, असा निर्णय राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये दिला आणि हा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला.

फौजदारी कारवाई याहून वेगळी असते. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार, ताब्यातील बालकाकडे त्यास विनाकारण शारीरिक वा मानसिक त्रास होईल अशा रीतीने जाणूनबुजून दुर्लक्ष करणे हा गुन्हा आहे. तथापि आरोपीस शिक्षा झाली म्हणून भरपाई आपोआप मिळत नाही.

अज्ञान वादी आणि मुदत

अज्ञान व्यक्ती स्वतः दावा करू शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ नुसार तिच्या वतीने ‘वादमित्र’ दावा दाखल करतो. बहुधा आई किंवा वडील ही भूमिका बजावतात. न्यायालयाच्या परवानगीवाचून वादमित्रास दाव्यात तडजोड करता येत नाही. घाईने वा दडपणाखाली अल्प रकमेवर मुलाचा हक्क सोडला जाऊ नये, हा या तरतुदीचा हेतू आहे.

मुदत अधिनियमाच्या कलम ६ व ८ मुळे अज्ञानपणाच्या काळात मुदतीस सवलत मिळते. दाव्याची मुदत तीन वर्षांची असल्यास मूल सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांपर्यंत, म्हणजे वयाच्या २१व्या वर्षापर्यंत, दावा करता येतो. मोटार अपघाताच्या अर्जासाठी मात्र १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत घालण्यात आली असून, त्या तरतुदीस न्यायालयात आव्हान दिले गेले आहे.

भरपाईची मोजणी

मुलाचे उत्पन्न नसल्याने प्रौढांसाठीचे सूत्र त्यास जसेच्या तसे लावता येत नाही. उपचारांचा झालेला व पुढील खर्च, वेदना, सोबतीच्या माणसाचा खर्च, शिक्षणातील खंड, भावी कमाईची हानी आणि विवाहाच्या संधीवरील परिणाम यांचा स्वतंत्र विचार होतो. मोटार अपघातातील बालकांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, उपचार व सोबतीचा खर्च वगळून, पुढील प्रमाण सुचवले :

१० टक्क्यांपर्यंत अपंगत्व : १ लाख रुपये
१० ते ३० टक्के : ३ लाख रुपये
६० टक्क्यांपर्यंत : ४ लाख रुपये
९० टक्क्यांपर्यंत : ५ लाख रुपये
९० टक्क्यांहून अधिक : ६ लाख रुपये

हे प्रमाण अंतिम मर्यादा ठरलेले नाही. २०२० मध्ये, अपघाताने आयुष्यभरासाठी परावलंबी झालेल्या एका १२ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, सोबतीच्या खर्चाची मोजणी गुणक पद्धतीने करून न्यायालयाने एकूण ६२ लाख २७ हजार रुपये मंजूर केले.

पुरावा

मुदतीत सवलत असली, तरी पुरावा थांबत नाही. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांतच पुसले जाते आणि साक्षीदार मुले वर्ग वा शाळा बदलतात. म्हणून घटनेची लेखी तक्रार व तिची पोच, पोलीस पंचनामा, रुग्णालयातील पहिली नोंद, उपचारांची बिले, घटनास्थळाची छायाचित्रे, सहलीचे परिपत्रक आणि सोबतच्या शिक्षकांची संख्या दर्शवणारी कागदपत्रे लवकर जमवणे महत्त्वाचे ठरते. कायम स्वरूपाच्या इजेसाठी वैद्यकीय मंडळाचे अपंगत्व प्रमाणपत्र सादर केले जाते. वाढत्या वयात इजेचे परिणाम बदलत असल्याने उपचार स्थिरावल्यानंतरची तपासणी अधिक विश्वसनीय मानली जाते.

खर्च परवडत नसल्यास विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार बालकास, पालकांचे उत्पन्न विचारात न घेता, मोफत विधी सेवा मिळू शकते. त्यासाठी जिल्हा किंवा तालुका पातळीवरील विधी सेवा संस्थेकडे अर्ज करावा लागतो.