वस्त्रे साताऱ्याची, हुकूम पुण्याचा

औरंगाबादच्या एका अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, कोरेगावला तुम्ही छत्रपतींच्या गादीविरुद्ध लढलात, असे आम्हाला सुनावतात. काय उत्तर द्यायचे?" मी म्हणालो, ती गादी तेव्हा कुठे होती ते आधी पाहू.

शाहू महाराज १७४९ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी सांगोल्याला रामराजांनी सारा कारभार पेशव्यांच्या हाती दिला. त्याच वर्षी ताराबाईंनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले आणि पेशव्यांनी ती कैद चालू राहू दिली. तरीही नव्या पेशव्याला पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच आणावी लागत. धनी कोंडलेला, आणि नेमणूक मात्र त्याच्याच नावाने! व्हिएतनाममध्ये त्रिन्ह घराण्याने ले सम्राटांना असेच नामधारी करून १७८६ पर्यंत राज्य केले. गादी उघड बळकावली असती तर बाकीचे सरदार उठले असते. शिवाय शिवाजीचा वंशज गादीवर असल्यामुळे, अस्पृश्याच्या सावलीचा विटाळ मानणाऱ्या पेशवाईलाही 'स्वराज्य' म्हणवून घेता आले. हे नाव आपल्या इतिहासकारांनी फारसे तपासले नाही.

१ जानेवारी १८१८ रोजी महार शिपाई कोरेगावला लढले ते दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशी. फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत बाजीराव निसटला आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले. बाजीराव पळताना त्यांना बरोबर फिरवत होता. इंग्रजांनी त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि १८३९ मध्ये खाली उतरवले.