विरजण आणि शरीराचे पहारेकरी

आम्ही कामगार संघटनेचे कार्यकर्ते. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात झाले. वैद्यकावर अधिकाराने बोलण्याची आमची योग्यता नाही. परंतु ‘उपकारक जंतूं’च्या बाटल्या आणि गोळ्या घेण्यासाठी कामगार आपल्या पगारातून पैसे मोजतो, तेव्हा त्या कल्पनेचा इतिहास तपासणे आम्हांला आमचे कर्तव्य वाटते.

१८८२ साली इटलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकॉव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञांनी तारामाशाच्या पारदर्शक पिलात काटा टोचला. सकाळी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! शरीरात शत्रूला गिळणाऱ्या पहारेकरी पेशी असतात, हा सिद्धांत त्यातून उभा राहिला आणि १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिख यांच्यासमवेत मिळाले.

पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांचे लक्ष दह्याकडे वळले. बल्गेरियाचे स्टामेन ग्रिगोरोव्ह यांनी १९०५ साली तेथील दह्यातला जंतू शोधला होता. मोठ्या आतड्यातील कुजवणारे जंतू म्हातारपण आणतात आणि दह्याचे जंतू त्यांना आवरतात, असे मेचनिकॉव्ह प्रतिपादू लागले. ते स्वतः नेमाने आंबवलेले दूध घेत. १९१६ साली एकाहत्तराव्या वर्षी वारले. दीर्घायुष्याचे ते प्रमेय टिकले नाही. तथापि पहारेकरी आणि जंतू यांचा संबंध मात्र पुढे खरा ठरला.

जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांची आतड्यातील प्रतिकारव्यवस्था अपुरीच राहते, असे दिसून आले. आतड्याच्या भिंतीतील पेशी जंतूंचे अंश पारखतात आणि त्यांवरून प्रतिपिंडे तयार होतात. काही जंतू तंतुमय अन्न आंबवून ब्युटिरेट नावाचे द्रव्य बनवतात. त्यामुळे प्रतिकाराचा अतिरेक रोखणाऱ्या पेशी वाढतात. म्हणजे हे जंतू पहारेकऱ्यांना लढणे शिकवतात, तसेच थांबणेही शिकवतात.

मग कोणतीही बाटली घ्यावी काय? येथे मुंबईचेच उदाहरण आठवते. मेचनिकॉव्ह यांचे शिष्य वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचली आणि नंतर भायखळ्याच्या तुरुंगात टोचलेले किती व न टोचलेले किती दगावले, याची मोजदाद केली. परळची संस्था त्यांचेच नाव सांगते.

तीच कसोटी येथे लावावी. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रोग्यांना असे जंतू दिले गेले. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा जंतू घेतलेल्या १५२ पैकी २४ दगावले होते, न घेतलेल्या १४४ पैकी ९. उलट ओरिसाच्या खेड्यांत ४,५५६ नवजात बालकांवर झालेल्या प्रयोगात लॅक्टोबॅसिलस प्लँटेरम हा जंतू, त्याच्या पोषक शर्करेसह, सात दिवस दिला गेला. २०१७ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार जंतुदोष वा मृत्यूचे प्रमाण शेकडा ९ वरून ५.४ वर आले.

घरच्या दह्याला आम्ही कमी लेखत नाही. ते उत्तम अन्न आहे. पण औषध म्हणून काही विकणाऱ्याला कामगाराने विचारावे : जंतू कोणता, रोग कोणता, आणि मोजदाद कोणावर केली? सौदा करण्यापूर्वी हिशेब मागणे, हे तर आम्ही संघटनेतच शिकलो.